वाचकांचे प्रश्न : वडिलांचे लेखन नव्या संगणकावर आणताना

प्रश्न : माझ्या दिवंगत वडिलांनी आपल्या आठवणी विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकावर श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलिखित करून ठेवल्या होत्या. दुकानदाराने त्या फायली नव्या संगणकावर उतरवून दिल्या. परंतु उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसतात. फायली खराब झाल्या असतील का? जुना संगणक भंगारात द्यायचा आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : जुना संगणक कृपया इतक्यात देऊ नका. फायली बहुधा शाबूत आहेत, फक्त त्यांचा फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या आकारांचा संच, मागे राहिला आहे. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरपद्धती, रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. त्यामुळे तो फॉन्ट नसलेला संगणक मूळची इंग्रजी अक्षरेच दाखवतो. जुन्या संगणकावर एखादी फाइल वर्डमध्ये उघडून मजकूर निवडा आणि वरच्या पट्टीत दिसणारे फॉन्टचे नाव आकड्यासकट कागदावर उतरवून घ्या, कारण ‘श्री-देव-०७१४’ यांसारखी मिळतीजुळती नावे अनेक असतात. सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरच्या आत ‘फॉन्ट्स’ आहे. तेथून तो फॉन्ट पेन ड्राइव्हवर घ्या आणि नव्या संगणकावर त्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ निवडा. वर्ड बंद करून पुन्हा उघडल्यावर वडिलांचा मजकूर मराठीत दिसेल.

पुढेमागे हे लेखन युनिकोडमध्ये आणावेच, मात्र मूळ प्रत तशीच ठेवून. रूपांतर करताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात, म्हणून प्रत्येक पान मुळाशी ताडून पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फाइल कॉपी केली तरी तिच्यातील शेवटच्या बदलाची तारीख सहसा कायम राहते, आणि कोणते प्रकरण वडिलांनी केव्हा हातावेगळे केले याचा तोच एक पुरावा असू शकतो. नव्या संगणकावर फाइल उघडून ‘सेव्ह’ केलीत, तर ती तारीख पुसली जाईल. वाचनासाठी वेगळी प्रत करा.

दुकानदाराने केवळ ‘डॉक्युमेंट्स’ उतरवले असण्याची शक्यता आहे, म्हणून डेस्कटॉप आणि डी ड्राइव्हही तपासा व दोन्ही संगणकांवरील फायलींची संख्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जुळवून घ्या. एखादा मोठा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नसेल, तर तो पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असावा; त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

हे सर्व झाल्यावरही भंगारात देण्यापूर्वी हार्ड डिस्क काढून घ्या आणि ती घरीच जपून ठेवा.