थ्रॉटल दिला की इंजिन अडखळतंय? आधी पेट्रोल बघा

घाबरू नका. पावसाळाभर झाकून ठेवलेली बोट पाण्यात उतरवली की बरेच आउटबोर्ड (बोटीच्या मागे बसवलेली इंजिनं) असंच करतात. लगेच कार्ब्युरेटर उघडू नका. नवखे इथेच चुकतात.

आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, ते बघा. तो बंद राहिला तर इंजिन थोडा वेळ छान चालतं, मग गुदमरतं. अडखळत असतानाच पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबा. इंजिन सावरलं, तर पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये. फुगा चपटा पडला असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे.

मग फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, की पाणी शिरलंय. आपल्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते दमट हवेतलं पाणी ओढतं. असं जुनं पेट्रोल नव्यात मिसळून संपवायचा मोह टाळा, सगळं काढून टाका.

तरीही फरक नाही? स्पार्क प्लग बदला.

आणि इंजिन कोरडं चालवू नका, इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी चाक) पाण्याविना लगेच जळतो. चाचणी किनाऱ्याजवळच घ्या, किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला अडकवून.