तिथे सगळं सांगावं लागेल का?

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. ती किंचाळायला लागली की माझ्या हातांना कंप सुटतो. मग मी एकतर तिच्यावर ओरडते, नाहीतर थिजून बसते. लहानपणी वडील पिऊन आले की आम्ही भावंडं कॉटखाली लपायचो. बालवाडीच्या बाईंनी पालकांचा एक गट सुचवलाय. सासूबाई म्हणतात, 'आम्ही काय गटात जाऊन पोरं वाढवली?' तिथे सगळं सांगावं लागेल का? शिवाय नेटवर वाचलं की असं बालपण गेलेल्यांचं पुढे वाटोळंच होतं.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही, सांगावं लागत नाही. पहिल्याच दिवशी कुणी 'काय काय सोसलंत ते मोकळेपणानं बोला' म्हणून मागे लागलं, तर खुशाल उठून घरी या.

भायखळ्याच्या अशा एका गटात मी बसले आहे. कुणाचीही पाठ दाराकडे येणार नाही अशा बेतानं खुर्च्या मांडलेल्या, दार उघडं. शेजारी कुणीतरी मिक्सर लावला तशी एक आई दचकली. गट घेणाऱ्या बाईंनी 'काय झालं?' म्हणून विचारलं नाही. खिडकी लावली आणि म्हणाल्या, 'पाय फरशीवर टेकवा, गार लागतेय का बघा.' बस्स. मुलीच्या किंकाळीनं तुमच्या अंगात जुनी भीती जागी होते, तेव्हा आधी स्वतःचं अंग सावरायचं, मग तिच्याकडे वळायचं. तिथे याचाच सराव असतो.

नेटवर वाचलंत त्याचं मूळ बहुधा कॅलिफोर्नियातल्या फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांच्या अभ्यासात आहे. १९९५ ते १९९७ मध्ये त्यांनी १७,००० हून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं. कटू अनुभव जितके जास्त, तितका पुढे आजारांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं खरं; पण ते मोठ्या समूहाचं चित्र आहे, तुमची पत्रिका नव्हे. एकट्यादुकट्या माणसाचा धोका त्याच्या कटू अनुभवांच्या आकड्यावरून ठरवू नका, असं खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये बजावलं.

ओरडलात, तर पाच मिनिटांनी तिच्याजवळ जा. 'आई जोरात ओरडली. तू घाबरलीस ना? ये.' एवढं पुरे. लांबलचक माफी नको, नाहीतर ती पोरच तुमची समजूत घालत बसेल.

सासूबाईंशी वाद घालू नका; गटाच्या वेळात नात सांभाळायचं काम त्यांच्याकडे सोपवा. त्यांनाही बरं वाटेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, म्हणून विचारते. आज घरात कुणी हात उगारतं का? तसं असेल तर गट नंतर. घरात मारहाण, छळ सोसणाऱ्या बायकांसाठी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं 'दिलासा' केंद्र आता पालिकेच्या इतरही काही रुग्णालयांत आहे, आधी तिथे जा. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लावा, मराठीत बोलता येतं.