‘अंग सैल सोडा’ म्हटल्याने अंग सैल होत नाही

कोथरूडहून आलेले तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सव्विसाव्या वर्षी पाळीच्या तक्रारीसाठी गेला असताना काहीही न सांगता झालेली आतून तपासणी, वेदनेने आखडल्यावर कानावर पडलेले ‘अंग सैल सोडा, एवढे काय त्यात’ हे शब्द, त्या वेळी तोंडातून न फुटलेला आवाज, आणि आता चौतिसाव्या वर्षी पॅप स्मिअरसाठी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासण्याच्या चाचणीसाठी, ठरवलेली वेळ दोनदा रद्द करणे, हे सारे तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे. बाईच्या जातीला हे सोसावेच लागते, असे सासूबाई म्हणतात. त्यांचा मान राखून सांगते, की हे सोसायचे नसते.

तुम्ही भित्र्या नाही. दुखणार अशी नुसती धास्ती असली तरी योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात, ते आवळले की तपासणी अधिकच दुखते, आणि पुढच्या वेळी ते आणखी लवकर आवळतात. हुकूम देऊन ते सैल होत नाहीत. आपण म्हणू त्या क्षणी हे थांबेल, असा भरवसा वाटला तर मात्र बरेचदा होतात.

म्हणून पहिली भेट केवळ बोलण्यासाठी मागा. अंगावर कपडे असताना, खुर्चीत बसून सांगा, ‘मागे मला फार दुखले होते. मी थांबा म्हटले, की तुम्ही थांबाल का?’ या प्रश्नावर ज्यांच्या कपाळाला आठी पडेल, ते डॉक्टर कितीही नावाजलेले असले तरी तुमच्यासाठी नव्हेत. पुण्यात स्त्री डॉक्टर मिळणे अवघड नाही. पुरुष डॉक्टर तपासणार असतील, तर दुसरी स्त्री खोलीत हवी, हे रुग्णांच्या हक्कांच्या सनदेतच आहे.

स्पेक्युलम, म्हणजे तपासणीसाठी योनी उघडी ठेवणारे उपकरण, लहान-मोठ्या मापांचे असते, हे आपल्याला कोणी सांगतच नाही. लहान माप मागा. ते कोमट करून, किंचित जेली लावून वापरता येते, आणि काही डॉक्टर ते तुम्हाला तुमच्याच हाताने आत सरकवण्याची मुभाही देतात. टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करायला सांगा. लांब कुर्ता किंवा साडी असेल तर अंग झाकलेले राहते. लघवी करून मगच टेबलावर जा, कंबर उचलून न धरता टेबलावर जड सोडा, आणि बशीतल्या चहावर हलकी फुंकर घालावी तसा श्वास सावकाश बाहेर सोडा. ब्रशने पेशी घ्यायला काही सेकंदच लागतात.

एवढे सारे करावे लागले तरी ही तपासणी टाळू नका, असे मी म्हणते, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, त्याला बहुधा अनेक वर्षे लागतात, आणि पेशींतले बदल त्याआधीच सापडले तर उपचार सोपे असतात. एचपीव्हीच्या चाचणीसाठी नमुना स्वतःच घेण्याची पद्धतही आता मान्य आहे. ती तुमच्याकडे मिळते का, हे अवश्य विचारा. संबंधाच्या वेळीही असेच आवळून येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यावर उपचार आहेत आणि ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या फिजिओथेरपीचा चांगला उपयोग होतो.

संकोचापायी दुखणे अंगावर काढणे आपल्याकडे फार जुने आहे. याच पुण्यात १८८७ साली ज्यांनी अखेरचा श्वास घेतला, त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ साली, बंगालमधील श्रीरामपूरच्या भाषणात हेच कारण मांडले होते, की पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रिया संकोचतात, म्हणून देशाला स्त्री डॉक्टर हव्यात. आज त्या स्त्री डॉक्टर आहेत. त्यांच्याकडून तुम्हाला धीराचे दोन शब्द मिळायलाच हवेत.

पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ घ्या, आदल्या दोन दिवसांत संबंध आणि योनीत ठेवायची औषधे टाळा. तुमची धाकटी बहीण सिंहगड रस्त्यावर राहते असे तुम्ही लिहिले आहे. तिला बरोबर न्या, डॉक्टरांना सांगून तिला उशाशी उभी करा, आणि तुमचा आवाज या वेळीही फुटला नाही, तर तुमच्या हाताची पकड घट्ट होताच ‘थांबा’ म्हणायचे, हे तिच्याशी आधीच ठरवून ठेवा.