पवनेच्या काठावर कॅम्प टाकण्याआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. पुण्याची पार्टी तुमची पवना धरणाकाठची जमीन भाड्याने मागतेय, वडील द्यायला तयार आहेत, आणि तुला मात्र तिथे स्वतःच कॅम्प चालवायचाय. माझं मत विचारलंस. चालव. जमीन तुमची, गाव तुमचं, मग शनिवार-रविवारची कमाई दुसऱ्याने का न्यावी? पण या धंद्याचं जे इन्स्टाग्रामवरच्या फोटोत दिसत नाही, ते आधी ऐकून घे.

सुरुवात सातबाऱ्यापासून कर. आजोबांनंतर वारसनोंद झालीय का, आत्यांची नावं लागलीत का, हे फेरफार काढून बघ. नावं लागली असतील तर सगळ्यांची संमती लेखी घे आणि त्यांचा वाटाही आत्ताच ठरव. पैसा दिसायला लागल्यावर बोलणी अवघड होतात. मग सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घे. आपल्या पवनेला हे फारच गरजेचं आहे. दिवाळीच्या सुमारास धरण भरलेलं असतं, तेव्हा पाणी तुमच्या बांधाजवळ असतं. पुढे ते उतरत जातं आणि मे महिन्यापर्यंत खाली मोठा पट्टा उघडा पडतो. पाहुण्याला तंबू पाण्याच्या अगदी कडेला हवा असतो. म्हणून तंबूही दर आठवड्याला थोडे थोडे खाली सरकत जातात. तो पट्टा धरणासाठी संपादित झालेला आहे, जलसंपदा विभागाचा आहे. तिथे तंबू लावलास आणि अतिक्रमणाची नोटीस आली, तर वरच्या स्वतःच्या जमिनीतला धंदाही अडचणीत येतो. हद्दीच्या दगडाखाली एकही खुंटी ठोकायची नाही, पाहुणा कितीही रुसला तरी.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. तुम्ही खरेच शेतकरी आहात, भात लावता, तेव्हा तो रस्ता तुम्हाला मोकळा आहे. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला आणि जेवणासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी हेही तंबू विकत घेण्याआधी करून टाक.

आता हिशेब. लोक वर्षाचे ५२ शनिवार धरतात, तसं धरू नकोस. जून ते सप्टेंबर वारा-पाऊस तंबू उभा राहू देत नाही. उरलेल्यातून परीक्षांचे दिवस, अवकाळी, ऐन दिवाळी वजा कर. २५ शनिवार भरले तर चांगलं म्हणायचं. समज १० तंबू, २० माणसं, माणशी १,२०० रुपये. झाले २४,००० रुपये. बुकिंग एजंटकडून आलं तर माणशी ३०० त्याचे, म्हणजे ६,००० गेले. रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे-चहा माणशी ३५० धरले तरी ७,००० रुपये. चार माणसांची मजुरी २,८००. धुलाई, लाकूड, गॅस, वीज मिळून २,०००. हातात ६,२०० राहिले. वर्षाचे दीड लाखाच्या थोडे वर. त्यातूनच फाटलेले तंबू बदलायचे. तंबूचं कापड उन्हाने विरतं, चेन त्याच्याही आधी जाते, आणि ओला तंबू घडी करून ठेवलास तर पावसाळ्यानंतर बुरशीच बाहेर निघते. म्हणून शेती सोडू नका आणि पहिल्या वर्षी कर्ज काढू नका.

यात वाढ करायची तर एजंटचे ६,००० हीच जागा आहे. आगाऊ रक्कम तो स्वतःकडे ठेवतो आणि उरलेली पाहुणा तुझ्याकडे देतो. त्याने गिऱ्हाइकाला काय कबूल केलंय ते तुला संध्याकाळी कळतं. सुरुवातीला त्याच्यावाचून चालणार नाही, पण आलेल्या प्रत्येकाचा नंबर वहीत लिही आणि पुढच्या हंगामात स्वतः फोन कर. मधल्या वारांसाठी शाळा आणि ट्रेकचे गट धर. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, तिकोना आणि तुंग तर समोरच आहेत. गावातली पोरं गड दाखवायला तयार झाली तर मंगळवार-बुधवारही रिकामे जाणार नाहीत.

शौचालयावर पैसे वाचवू नकोस. आठ-दहा माणसांमागे एक, त्यात पाणी, आत दिवा, बाहेर दिवा. सेप्टिक टँक पक्का बांधून घे आणि पाण्यापासून होईल तितका लांब ठेव. या धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं. आपल्या कॅम्पची घाण त्यात उतरता कामा नये, हे मला कोणत्याही परवान्याइतकंच मोठं वाटतं.

आणि रात्र. माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. दर पावसाळ्यात आणि उन्हाळ्यातही पवनेत कुणी ना कुणी बुडतं. वरून पाणी शांत दिसतं, पण खाली गाळ असतो, पाय रुततो, आणि दोन पावलांवर एकदम खोल होतं. अंधार पडला की पाण्याकडे कुणीही जायचं नाही, हे पैसे घेण्याआधी सांगायचं. दारू प्यालेला माणूस तर हमखास त्याच वेळी पोहायला निघतो. कॅम्पवर दारू नाही असं ठेवलंस तर दोन बुकिंग जातील, जाऊ देत. काठावर दोर, लाइफ जॅकेट आणि हवा भरलेली ट्यूब कायम हवी, आणि पोहणारा माणूस रात्रभर जागा हवा.

डिसेंबरात थंडी वाजली की लोक कोळशाची शेगडी तंबूत नेतात. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो. शेकोटी विझवून निखाऱ्यांवर पाणी ओतल्याशिवाय तुझ्या माणसाने जागा सोडायची नाही. चौथी रजई मागितली तर ती दे, शेगडी देऊ नकोस.

मण्यार तुला माहीत आहे, पाहुण्याला नाही. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे कुणी पोट दुखतंय, पापण्या उघडत नाहीत असं म्हणालं, तर जेवण बाधलं असेल म्हणून ओवा देत बसू नकोस, सरळ गाडी काढ आणि १०८ ला फोन कर. कोणत्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस शिल्लक आहे, हे हंगामात दर महिन्याला विचारून ठेव. तंबूची चेन बंद, चपला आत, उष्टं अन्न झाकून लांब. उष्ट्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

रात्री १० ला स्पीकर बंद. तो कायदाच आहे, आणि पलीकडच्या वाडीत म्हातारी माणसं झोपलेली असतात. दूध, भाकरी, तांदूळ, लाकूड गावातूनच घे, भाव पाडून घेऊ नकोस. रात्री काही घडलं तर पोलिसांच्या आधी वाडीतली माणसंच धावून येतील.

पार्टीला अजून शब्द देऊ नका असं वडिलांना सांग. फार घाई करत असतील तर अकरा महिन्यांचाच करार करा, आणि त्यात पक्कं बांधकाम करायचं नाही असं लिहून घ्या. मोजणीची तारीख आली की कळव. भूकरमापक येईल त्या दिवशी मी येतो, शेजारच्या बांधकऱ्यालाही बोलावून ठेव. आईला नमस्कार.

तुझा काका