मुलीकडे जायचंय आणि फॉर्मवर हॉटेल

प्रश्न : मी सांगलीची, निवृत्त शिक्षिका, वय ६३. मुलगी आणि जावई न्यू जर्सीत नोकरी करतात, दोघंही एच-१बी व्हिसावर. मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, म्हणून तीन महिने जायचं होतं. मुंबईच्या वकिलातीत अधिकाऱ्याने "कोणाकडे जाताय?" एवढंच विचारलं. "मुलीकडे" म्हटलं. त्याने संगणकात पाहिलं, आणखी एकदोन प्रश्न केले आणि पासपोर्टसोबत नकाराचा कागद हातात ठेवला. फाइल उघडलीसुद्धा नाही. फॉर्म भरून देणारा एजंट म्हणतो, अमेरिकेतल्या वकिलामार्फत अपील करू, ७५ हजार लागतील. द्यावेत का? कागद आणि फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे.

उत्तर : बाई, एक रुपयाही देऊ नका. तो जे अपील विकतोय, ते मुळात नाहीच. तुमच्या कागदावर कलम २१४ (बी) आहे. म्हणजे तुम्ही परत याल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही. या नकारावर अपील नसतं. वकिलातीच्या निर्णयात तिथली न्यायालयंही सहसा हात घालत नाहीत. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका अमेरिकी नागरिक बाईच्या नवऱ्याच्या प्रकरणात हेच सांगितलं, आणि तिथे तर कायम राहायला जाण्याचा व्हिसा होता. तुमच्यापुढे वाट एकच : नवा अर्ज, नवी मुलाखत आणि पुन्हा १८५ डॉलर फी. आधीची फी गेली ती गेली.

आता फॉर्म. बहुतेक लोक डीएस-१६० चं, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाचं, बारकोडवालं एक पान तेवढं जपून ठेवतात. तुम्ही अख्खा फॉर्म पाठवलात, ही शाळेतली सवय आज कामाला आली. अमेरिकेतला संपर्क म्हणून त्यात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलचं नाव आहे. आईवडील सोडून जवळचं कोणी अमेरिकेत आहे का, यापुढे 'नाही'. आणि फॉर्म भरायला कोणी मदत केली का, तिथेही 'नाही'! मुलगी तिकडे असली की व्हिसा मिळत नाही, अशी या एजंट लोकांची एक समजूत असते. तुम्ही खिडकीवर खरं बोललात, पण अधिकाऱ्याच्या पडद्यावर हॉटेल होतं. नकार नेमका त्यामुळेच, असं मी छातीठोक सांगणार नाही; त्या कागदावर तपशील कधीच नसतो. पण मी त्या खुर्चीत असते तर माझ्याही कपाळावर आठी पडली असती.

वकील लागतो तो या ठिकाणी. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं अधिकाऱ्याने ठरवलं, तर त्याचं कलम वेगळं आहे, २१२ (ए)(६)(सी), आणि त्यातली बंदी जन्मभराची. तुमच्यावर ते लागलेलं नाही. तरी नवा अर्ज करण्यापूर्वी मुलीला सांगा, तिकडच्या इमिग्रेशन वकिलाचा एक तास घे आणि हाच फॉर्म त्याच्यापुढे ठेव. चूक कशी दुरुस्त करायची आणि विचारलं तर काय सांगायचं, एवढ्यापुरतंच. तो कायदा केंद्राचा असल्याने वकील न्यू जर्सीचाच हवा असं नाही, पण कुठल्यातरी राज्याची सनद हवी. ती त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येते. माझ्याकडे महाराष्ट्राची सनद आहे. तुमचे सातबारा आणि पेन्शनचे कागद मी आनंदाने तपासून देईन, पण अमेरिकी कायद्यावर सल्ला विकणार नाही.

वकील मुलाखतीला सोबत येईल, असंही कुणी सांगेल. माझ्या आईच्या वेळी मीही मोठ्या ऐटीत बीकेसीतल्या वकिलातीपाशी गेले होते. मला फाटकाबाहेरच थांबवलं. आईचा मोबाईल आणि डबा सांभाळत मी फुटपाथवर दीड तास उभी!

नव्या फॉर्ममध्ये मुलीचं नाव, पत्ता, तिचा व्हिसा, सगळं खरं लिहा. आधीचा नकारही लिहा, तसा प्रश्नच असतो. मुलाखत मराठीत मागता येते, मागाच. बाळंतपणाला जातेय हे लपवू नका. फक्त "नातवाला सांभाळायला" असं मोघम बोललात, तर मुक्काम लांबणार असं वाटू शकतं. तीन महिने म्हणजे कुठून कुठवर, ते सांगा. तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंय की यजमान घरीच राहणार आहेत आणि ८८ वर्षांच्या सासूबाईंचं सगळं तुम्हीच बघता. अहो, परत येण्याचं याहून मोठं कारण कोणतं? ते पहिल्या दोन वाक्यांत यायला हवं. फुगवलेली बँक शिल्लक, नोटरीचं प्रतिज्ञापत्र यांच्या नादी लागू नका. फाइल न्या, पण ती उघडली जाईल असं धरून चालू नका.

शेवटचं, अपॉइंटमेंटच्या खात्यावर ईमेल कुणाचा आहे ते आजच बघा. एजंटाचा असेल तर त्याच्याकडून पासवर्ड आणि एए ने सुरू होणारा फॉर्मचा क्रमांक घ्या, मगच त्याला अपिलाचं 'नाही' कळवा.