झाकणाखालची साय आणि हेड गॅस्केटची धास्ती

प्रश्न : माझी नऊ वर्षांची पेट्रोल गाडी घर ते बाजारपेठ अशी दिवसाला जेमतेम चार किलोमीटर चालते. गेल्या महिन्यात ऑइल बदलल्यापासून बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास येतो, ऑइल भरण्याच्या झाकणाभोवती ओल दिसते आणि झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळट साय जमते. मेकॅनिकच्या मते हेड गॅस्केट गेले असून हेड उघडावे लागेल. आपला सल्ला काय? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपण सांगितलेल्या साय आणि ओल-वास या दोन खुणांची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांमधले पॅकिंग; ते गेले की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, ऑइलमध्ये मिसळू शकते. हेड उघडण्याचा खर्च मोठा असल्यामुळे त्याआधी त्या वेगवेगळ्या तपासलेल्या बऱ्या.

प्रथम साय. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलच्या बाजूस उतरतो. इंजिन पुरेसे तापले की ही वाफ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (इंजिनात साठणारी वाफ व वायू बाहेर काढणारी झडप) खेचली जाऊन पुन्हा जळणात जाते. परंतु चार किलोमीटरांत ऑइल नीट तापतच नाही, त्यामुळे वरच्या थंड झाकणावर वाफेचे पाणी होते आणि ते ऑइलमध्ये घुसळून ही साय धरते. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे हमखास घडते. म्हणून केवळ झाकण पाहून गॅस्केटचा निवाडा करणे मला घाईचे वाटते. गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करावी, आठवडाभर ती पाहावी आणि डिपस्टिकवरचे (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइलही तपासावे. पातळी स्थिर आणि ऑइल स्वच्छ असेल, तर साय पुसून गाडी महामार्गावर सलग पाऊण तास चालवावी. कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल दिसले, तर मात्र मेकॅनिकचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे आणि तोवर गाडी चालवू नये.

आता ओल आणि वास. झाकणातली रबरी रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक व चपटी होते. मग झाकण घट्ट बसल्यासारखे वाटले तरी ऑइल झिरपते आणि तापलेल्या एक्झॉस्टवर थेंब पडला की जळका वास सुटतो. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, झाकणाभोवतीची धूळ आधी पुसावी (ती आत पडली तर सरळ ऑइलमध्येच जाते) आणि मग झाकण उघडावे. रिंग नखाने दाबून पाहावी : दाबली न जाणारी, चिरलेली किंवा चपटी झालेली रिंग बाद समजावी. तोंडाची कडा आणि झाकणाचे आटे किंवा खाचाही पाहाव्यात. प्लॅस्टिकच्या झाकणाला तडा गेला असेल तर नुसती रिंग बदलून भागत नाही. नवे झाकण घेताना जुने सोबत न्यावे आणि दुकानदाराला गाडीचा चासी नंबर द्यावा, कारण दिसायला सारखी झाकणे खोलीत किंवा आट्यांत वेगळी निघतात. नव्या रिंगेला ताज्या ऑइलचे बोट फिरवावे आणि झाकण हातानेच, थांबेपर्यंत फिरवावे. पान्याचा जोर लावला की प्लॅस्टिक फुटते. झाकण हरवले म्हणून तोंडात चिंधी कोंबण्याचा प्रकार मी पाहिला आहे. तो आगीला आमंत्रण देणारा आहे.

झाकण बदलल्यावर भोवतालचा भाग पुसून कोरडा करावा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. ओल झाकणापाशी नसून खाली टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या आवरणाच्या) कडेला आढळली, तर दोष त्या कव्हरच्या पॅकिंगमध्ये शोधावा. नव्या रिंगेतूनही ऑइल बाहेर येत असेल, तर आत दाब साठत असण्याची शक्यता आहे. तेव्हा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.