वाचकांचे प्रश्न : आधी स्पीकर की ॲम्प्लिफायर?

प्रश्न : माझ्याकडे १९९५च्या सुमारास घेतलेला, दर चॅनेलला ४० वॅटचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि त्याच वेळचे स्पीकर आहेत. स्पीकरच्या कोनाभोवतीच्या (थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूभोवतीच्या) फोमचा आता भुगा होऊ लागला आहे. खोली बारा बाय चौदा फुटांची असून मी मुख्यतः ख्यालगायन आणि नाट्यसंगीत ऐकतो. आधी १०० वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा, असे दुकानदार सुचवतात. माझी मर्यादा ४०,००० रुपयांची आहे. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे आधी स्पीकरवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ४० वॅटवरून १०० वॅटवर गेल्याने आवाजाची कमाल पातळी अवघी चार डेसिबल वाढते, आणि आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. तेच चार डेसिबल ८४ऐवजी ८८ डेसिबल संवेदनक्षमतेचे (तेवढ्याच शक्तीत किती मोठा आवाज निघतो, त्याचे हे माप) स्पीकर निवडूनही मिळतात, आणि शिवाय नव्या स्पीकरमुळे आवाजाचा पोतही सुधारतो. तुमच्या खोलीत ख्याल ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॅटच खर्च होत असतील.

स्पीकर निवडताना तुमच्या संगीताचाच निकष लावावा. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा षड्ज धरून) गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. त्यामुळे ५५ ते ६० हर्ट्झपर्यंत आवाज फारसा न घटता उतरणारा, साडेसहा इंची वूफरचा (खालचे स्वर देणाऱ्या भागाचा) बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचा छोटा स्पीकर तुम्हाला पुरेल. याच किमतीतल्या उंच, जमिनीवर ठेवायच्या स्पीकरचा मोह टाळावा, कारण मोठ्या खोक्यावर पैसा गेल्यावर आतल्या भागांसाठी थोडाच उरतो, आणि पातळ लाकडाचे खोके घुमू लागले की डग्ग्याची मींड अस्पष्ट होते. ॲम्प्लिफायरच्या मागे किमान ८ ओहमची (स्पीकरच्या विद्युतरोधाची) अट छापलेली असेल, तर ४ ओहमचे स्पीकर जोडू नयेत. त्यातून जास्त प्रवाह खेचला जाऊन ॲम्प्लिफायर तापतो.

दुकानात जाताना आपल्या पूर्ण परिचयाची दोन-तीन ध्वनिमुद्रणे न्यावीत, त्यांतले एक तरी केवळ तानपुरा, तबला आणि आवाज एवढेच असलेले असावे. तुलना करताना दोन्ही जोड्यांचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो आणि विक्रेत्याला हे ठाऊक असते.

जुना ॲम्प्लिफायर मात्र स्पीकरच्या खरेदीपूर्वी जाणकार कारागिराला दाखवावा. व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर साफसफाईने जाते. गाणे बंद असतानाही येणारी घरघर बहुधा सुकलेल्या कपॅसिटरमुळे असते, आणि ते बदलता येतात. स्पीकरच्या टर्मिनलवरचा डीसी व्होल्टेज मोजून घेण्यास विसरू नये, कारण तो जास्त असेल तर नव्या वूफरची कॉइल जळू शकते. दुरुस्ती परवडणारी नसेल, तरच रकमेची वाटणी करावी : सुमारे २५,००० स्पीकरसाठी आणि उरलेले साध्या, ४०-५० वॅटच्या ॲम्प्लिफायरसाठी. तो घेताना पीएमपीओचा (क्षणभराच्या शक्तीचा, फुगवलेला) आकडा विचारात घेऊ नये, दर चॅनेलची आरएमएस (सतत देता येणारी) वॅट पाहावीत.

वायरसाठी वेगळी तजवीज नको. पाच मीटरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरेशी आहे. जागेचा विचार मात्र मनापासून करावा : स्पीकर शोकेसमध्ये किंवा कोपऱ्यात कोंबू नयेत, मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्यावेत, ट्वीटर (वरचे स्वर देणारा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणावा आणि दोन्ही स्पीकरमधले अंतर तुमच्यापासूनच्या अंतराएवढे ठेवावे. फरशी उघडी असेल तर समोर जाड सतरंजी अंथरावी. गायकाच्या शब्दांभोवतीचा गलबला त्याने बराच कमी होतो.

जुने स्पीकर टाकून देऊ नका. कोन आणि कॉइल शाबूत असतील, तर केवळ फोमची कड बदलून ते दुसऱ्या खोलीत वर्षानुवर्षे वापरता येतील.